प्रकल्प नोंदी : तिरंगी मांजरीचं घर शोधताना (सदाशिव पेठ, पुणे)

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

जागा : नागनाथ पाराजवळचा बोळ, आमच्या इमारतीचं पार्किंग, पंपाच्या खोलीशेजारी. भिंतीपलीकडे पत्रे ठोकलेला रिकामा वाडा.

प्राणी : तिरंगी मांजर. पोट आणि पाय पांढरे, पाठीवर काळे-नारिंगी डाग, डाव्या डोळ्याभोवती काळं. तिरंगी आहे म्हणजे भाटीच असणार. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि नारिंगी असे दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स लागतात. तिरंगी बोका हजारो मांजरांत एखादाच.

बोळातली रोजची मांजरं माझ्या ओळखीची आहेत, ही त्यांतली नाही. माणूस बघून पळाली नाही, जवळही आली नाही. अर्थात एवढ्यावरून घरची की रस्त्यावरची हे ठरवता येत नाही, कारण घाबरलेलं घरचं मांजरही रस्त्यावरच्यासारखंच वागतं.

दोन्ही कानांची टोकं शाबूत आहेत. नसबंदी मोहिमेत ऑपरेशन झालेल्या मांजराच्या एका कानाचं टोक सरळ कापतात, म्हणजे लांबून कळतं आणि त्याला पुन्हा पकडत नाहीत. हिच्यावर तशी खूण नाही.

पाणी आणि कोरडं खाणं ठेवलं. पाणी प्यायली, खाण्याला तोंड लावलं नाही.

लगेच उचलायची नाही असं ठरवलं. शुक्रवारी लक्ष्मीपूजनाच्या रात्री जे फटाके फुटले, त्यांना घाबरून दडलेली मांजरं शांतता झाली की आपापल्या घरी जातात. आपण दया म्हणून उचलून घरात कोंडलं, तर घराकडे निघालेल्या मांजराची वाट आपणच अडवली असं होईल.

४ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींमध्ये विचारलं. कोणाचीच नाही. पत्र्यांआडच्या वाड्यावर बिल्डरनं बसवलेला वॉचमन म्हणाला, परवापासून रात्री आत कुठेतरी ओरडते.

आज सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य : "टाकून दिली असेल कुणीतरी." मला हे वाक्य घातक वाटतं. टाकून दिली म्हटलं की मालकाला शोधायचं कामच संपतं. टाकणारे असतात, नाही असं नाही, आणि उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. पण फटाक्यांच्या रात्रीनंतर अचानक दिसलेलं, अंगानं स्वच्छ मांजर हरवलेलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. कोणीतरी तिला शोधतंय असं धरूनच काम करायचं.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी ओट्यावर बसून तिला जवळ येऊ दिलं. अर्धा तास गेला, पण मान खाजवून घेतली तिनं. तेवढ्यात गळ्यात कागदी पट्टी अडकवली. पट्टी साध्या वहीच्या कागदाची, टोकं चिकटपट्टीनं जोडलेली, आत दोन बोटं सहज जातील इतकी सैल. कुठे अडकली तर फाटून सुटते, गळफास बसत नाही. वर लिहिलं : "ही तुमची मांजर आहे का? कृपया फोन करा", खाली माझा नंबर. कोणाच्या घरी जेवायला जात असेल तर ते वाचतील.

६ नोव्हेंबर, बुधवार

पट्टी तशीच, फोन नाही. म्हणजे ती कोणाच्याही दारात जात नाहीये. जाते ती फक्त पत्र्याखालच्या फटीतून वाड्यात आणि तिथून परत पार्किंगमध्ये.

वॉचमननं सांगितलं की पाडकामाची यंत्रं पुढच्या आठवड्यात येणार. त्यामुळे उचलायचा निर्णय आजच घेतला. धडधाकट मोठं मांजर आणखी काही दिवस आहे तिथेच राहू द्यायला माझी हरकत नसते, पण पाडणार असलेल्या वाड्याच्या माळ्यावर झोपणारं मांजर तिथे ठेवता येत नाही.

काकूंनी मान धरली, मी जाड टॉवेलात गुंडाळून कॅरियरमध्ये घातलं. मनगटावर ओरखडा आला. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतलं आणि लगेच रेबीजची लस घेतली. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असल्यानं दोनच डोस, एक आज आणि एक तीन दिवसांनी. ओरखडा किती खोल आहे हे बघत बसायचं नाही, हा हरवलेल्या मांजरांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाचा नियम. नवीन मुलांसाठी इथे लिहून ठेवते.

मागची खोली रिकामी केली. रेतीचा ट्रे, पाणी, आणि शिरून बसायला आडवा ठेवलेला खोका. माझ्या घरच्या मांजरांपासून भांडी, टॉवेल, सगळं वेगळं. तिच्या खोलीतून आलं की हात धुवायचे. मांजरांचा पार्व्हो हा विषाणू आपल्या कपड्यांवरूनही दुसऱ्या मांजरापर्यंत पोचतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांकडे नेलं. आजचा दिवस फार उपयोगाचा ठरला.

चिपचा स्कॅनर आधी खांद्यांच्या मधल्या जागेवरून फिरवला, मग दोन्ही खांदे, छाती, कोपरापर्यंत, कारण चिप कातडीखाली थोडी सरकू शकते. काही लागलं नाही. लोक विचारतात म्हणून लिहिते : ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते आणि तिच्यावरून मांजर कुठे आहे हे कळत नाही. स्कॅनर जवळ आणला की ती फक्त पंधरा आकडी नंबर सांगते. तो नंबर कोणी स्वतःच्या नावावर नोंदवला असेल तरच मालक सापडतो.

पण चिप नसली तरी मांजरीच्या अंगावर बरंच लिहिलेलं होतं. पोटाच्या मधोमध, केस बाजूला केल्यावर, जुनी बारीक शिवण. म्हणजे नसबंदी झालेली आहे. आणि कान कापलेला नाही. मोहिमेत झालेली नाही, म्हणजे कोणीतरी खासगी दवाखान्यात पैसे भरून करून घेतली असणार. पुढच्या पायांच्या नखांची टोकं बोथट आणि सपाट, नेलकटरनं कापल्यासारखी. दातांवरच्या किटणावरून वय पाच ते सात. आणि चारही पंजांच्या गाद्या घासल्या गेलेल्या, एका ठिकाणी साल निघालेली. डॉक्टर म्हणाले, "ही बोळातल्या बोळात हिंडलेली नाही. सवय नसताना बरंच चाललेली आहे."

ताप नाही. वजन ३.१ किलो. मालक सापडेपर्यंत लसी-बिसी थांबवायच्या. आधी दिलेल्या असतील तर कळेलच.

घरी येऊन खुणा वेगळ्या लिहून ठेवल्या. त्यांतल्या दोन कोणालाही सांगायच्या नाहीत : शेपटीच्या टोकाला असलेली गाठ, आणि मागच्या उजव्या पंजाची एकच गादी गुलाबी, बाकी सगळ्या काळ्या. पोस्टरवरच्या फोटोत शेपूट आणि पंजे येऊ द्यायचे नाहीत. जो "माझी आहे" म्हणेल त्यानं या खुणा स्वतःहून सांगायला हव्यात.

बाकी : खाणं. कालपासून काहीच नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

खाण्याची काळजी खरी होती. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. कुत्र्यासारखं ते उपास काढू शकत नाही. कोरडं खाणं, ओलं पाकीट, उकडलेलं चिकन, सगळं हुंगून मागे सरली. सुकटीच्या वासाला तर तोंड फिरवलं.

दुपारी मी खोलीच्या दारातच बसून दहीभात खात होते. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला आणि ती खोक्यातून बाहेर आली. सरळ माझ्या गुडघ्यापाशी येऊन बसली, कान ताठ, वाटीकडे नजर. बोटभर भात ठेवला, चाटून पुसून खाल्ला. मग त्याच भातात अंड्याचा उकडलेला बलक कुस्करून घातला, तोही गेला. थोड्या वेळानं पहिल्यांदा घुरघुरली.

भातावर वाढलेली, मासळी न पाहिलेली, चमच्याच्या आवाजावर येणारी मांजर. नोंदीत चमच्याला अधोरेखित केलं आहे. हीही सांगायची नाही अशी खूण.

९ व १० नोव्हेंबर

पोस्टर : वर मोठ्या अक्षरात "सापडली आहे", खाली चेहऱ्याचा फोटो, "नागनाथ पार परिसर", तारीख, फोन. बस. मजकूर जास्त असला की स्कूटरवरून जाणारा वाचत नाही.

भिंतींवर आणि खांबांवर चिकटवायचं नाही. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्यानं ते चालत नाही, आणि सध्या विधानसभेच्या आचारसंहितेत भिंतींवरचं काहीही पहिल्या फेरीत उतरवलं जातंय. दुकानदारांना विचारून काचेच्या आतून लावली : किराणा, औषधांचं दुकान, दूध केंद्र, सलून, झेरॉक्स, पिठाची गिरणी. गिरणी सर्वांत चांगली जागा, कारण दळण होईपर्यंत माणूस उभा असतो.

किती लांबपर्यंत लावायची यावर गटात चर्चा झाली. हरवलेल्या १,२१० मांजरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये 'अ‍ॅनिमल्स' या संशोधनपत्रिकेत आला होता. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली. तेव्हा पारापासून पाचशे मीटर : इकडे कुमठेकर रस्ता, तिकडे टिळक रस्ता. आसपासच्या प्राण्यांच्या दवाखान्यांनाही फोटो पाठवला. लक्ष्मीपूजनानंतर कोणी तिरंगी मांजर हरवल्याचं सांगायला आलंय का, एवढाच प्रश्न. कोणी आलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, कार्तिकी एकादशी

पहिला फोन. नारायण पेठेतून एक गृहस्थ. आवाजावरून माणूस रडकुंडीला आलेला. "तुमच्याकडचा आमचा बोका आहे हो, फोटोत अगदी तस्साच दिसतोय." मी शेपटीबद्दल विचारलं, "सरळ, लांब, झुपकेदार." आमची नाही.

त्यांचा बोका नारिंगी-पांढरा. ते खोटं बोलत नव्हते. हरवलेलं माणूस जसं गर्दीत प्रत्येक पाठीत दिसतं तसं ते झालं होतं. फोन ठेवायच्या आधी त्यांना नीट सांगितलं : दिवसा हाका मारत हिंडू नका. रात्री उशिरा, रहदारी थांबल्यावर, टॉर्च घेऊन निघा. प्रकाश खाली, गाड्यांच्या तळाशी, जिन्याखाली, मीटरच्या खोलीत टाका, डोळे चमकतात. शेजाऱ्यांना नुसतं विचारू नका, त्यांची बंद खोली, गॅरेज, गच्चीची टाकी उघडून स्वतः बघा. दिवाळीत लोक गावी जाताना दार ओढून घेतात आणि मांजर आत राहतं.

त्यांचा नंबर आमच्या यादीत घेतला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन नाही. तिचं खाणं सुधारलं, पंजे भरत आले. रोज संध्याकाळी खिडकीत बसून वाड्याच्या बाजूलाच बघते.

आज शांतपणे कागदावर मांडलं. पंजे सांगतात की लांबून आली. जिला इथलं काही माहीत नाही अशी मांजर लांबून येऊन एकाच रिकाम्या वाड्याच्या आत-बाहेर का करेल? भुकेली मांजर उकिरड्याकडे जाते, दूध केंद्राकडे जाते. ही पडक्या माळ्यावर जात होती. ती चुकून इथे आलेली नाही. ती इथलीच आहे, फक्त तिची माणसं आता इथे नाहीत.

मग पोस्टरं वाचणारं कोणी उरलेलंच नाही. त्या वाड्यातली सगळी बिऱ्हाडं दसऱ्याच्या सुमारास हलली, बिल्डर भाडं देतो तिथे कुठे कुठे पांगली. मालक तिला त्यांच्या नव्या घराभोवतीच्या पाचशे मीटरमध्ये शोधत असणार आणि आम्ही इथल्या पाचशे मीटरमध्ये मालकाला. दोन्ही वर्तुळं एकमेकांना शिवतच नाहीत.

मांजर जुन्या जागी परतू शकतं हे नवं नाही. १९२२ साली फ्रान्सिस हेरिक या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञानं पिल्लं असलेल्या मांजरीला काही मैल लांब नेऊन सोडलं होतं आणि ती परत आली होती. पेठेत तर हे घरोघर माहीत असलेलं : मांजर माणसाला नाही, घराला धरून राहतं, असं म्हणतातच.

उद्याचा प्रश्न बदलायचा. "ही कोणाची?" असं विचारायचं नाही. "या वाड्यात कोणाकडे मांजर होतं?" असं विचारायचं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी साडेसातला कचरा घ्यायला येणाऱ्या ताई दिवाळीची गावाकडची सुट्टी संपवून आल्या. मधले दिवस दुसऱ्या बाई येत होत्या. फोटो दाखवला. ताईंनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ही आजींची. आतल्या चौकात, जिन्याखालची खोली. बाहेर कधी येत नव्हती, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. मी बादली घ्यायला गेले की उंबऱ्यावर असायची."

इमारतीतल्या एवढ्या लोकांना जे माहीत नव्हतं ते त्यांना माहीत होतं, कारण त्या वाड्यात रोज दारापर्यंत जाणाऱ्या त्या एकट्याच. त्यांना नाव विचारलं. आजींचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण मांजरीचं होतं. ठमी.

घरी येऊन खोलीच्या दारातून हाक मारली. शेपटी ताठ वर करून आली.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजींचा नवा पत्ता कोणाकडे? दूधवाल्या काकांनी दूध बंद झाल्याचं सांगितलं, पुढचं माहीत नाही. किराणा दुकानात महिन्याचं खातं होतं, आणि खात्यापुढे नातवाचा नंबर. दुकानदारांनी नंबर मला दिला नाही, स्वतः फोन लावला आणि विचारून मग माझ्या हातात दिला. हे त्यांचं योग्यच.

नातू दत्तवाडीत राहतो. सरळ रेषेत दीड-दोन किलोमीटर, मध्ये टिळक रस्ता आणि शास्त्री रस्ता. मी फक्त म्हटलं, एक तिरंगी मांजर आहे, तुमच्या मांजरीच्या खुणा सांगाल का? पलीकडे जरा वेळ नुसता श्वास. मग : "शेपटीच्या टोकाला गाठ आहे. लहानपणी दारात सापडली होती." गुलाबी गादी त्याला आठवेना, मागून आजींचा आवाज आला, "मागचा उजवा! एकच गुलाबी आहे, सांग त्यांना!"

लक्ष्मीपूजनाच्या रात्री खालच्या मजल्यावर लांब माळ लागली आणि ठमी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेली. त्यांनी दत्तवाडीतल्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या होत्या, रात्री शोधलं होतं. नातू एकदा जुन्या वाड्यावरही आला होता, पण पत्रे आणि कुलूप बघून परत गेला. आजींना तर वाटत होतं, दोन मोठे रस्ते ओलांडून ती येणं शक्यच नाही.

तिघं संध्याकाळी आले, आजी, नातू आणि सूनबाई. सूनबाईंनी पिशवीतून लसीची पुस्तिका आणली, फोनमधले जुने फोटो दाखवले. सगळं जुळलं. आजींना मी काही विचारणार होते, त्याआधी त्याच म्हणाल्या, "अगं, जेवली का इतके दिवस? वाटीवर चमचा वाजवल्याशिवाय जेवत नाही ती."

खोलीत त्यांना एकट्यांनाच पाठवलं. मांजर आपल्या माणसालाही अनोळखी जागी लगेच ओळखतं असं नाही, आधी वास लागतो. गर्दी असली तर खाटेखाली जाऊन बसतं. ठमीनं आजींच्या लुगड्याचा काठ बराच वेळ हुंगला. मग मांडीवर चढली. आजी तिला रागावत होत्या, भरपूर, नाव घेऊन.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नातवाशी फोनवर पुढचं ठरवलं. महिनाभर घरात एकाच खोलीपासून सुरुवात. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी, आणि ती बसेपर्यंत खिडकी बंदच. वाड्यातली जुनी गोधडी धुवायची नाही, तशीच टाकायची. परत निसटली तर पहिला फोन वाड्याच्या वॉचमनला. त्याचा नंबर त्याच्या परवानगीनं दिला.

खाण्याबद्दल आजींशी बोलणं जरा नाजूक होतं. घर शाकाहारी. पण मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं. नाही मिळालं तर डोळे आणि हृदय जातं. वाड्यात ठमी दहीभात खाऊन वर उंदीर मारत होती, म्हणून इतकी वर्षं निभावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. आजी थोडं गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पाकिटातलं घालू दे त्याला. भात मी घालीन." ठरलं : पाकीट पोटभर, भात चवीपुरता.

२४ नोव्हेंबर, रविवार

ठमीला चिप बसवली. नंबर नातवाच्या नावावर नोंदवला, दुसरा संपर्क म्हणून सूनबाईंचा फोन. दवाखान्यातून निघण्याआधी स्कॅनर पुन्हा फिरवून नंबर येतोय हे बघितलं. गळ्यात दाब आला की सुटणारा पट्टा, त्यावर फोन.

पोस्टरं उतरवली. गिरणीवाल्यांनी त्या जागी नारायण पेठेतल्या बोक्याचं लावायला सांगितलं, लावलं.

८ डिसेंबर, रविवार

ठमी घरातच आहे, दोन खोल्यांत फिरते. पाकीट खाते. रात्री दाराशी ओरडणं कमी झालंय.

नारिंगी-पांढरा बोका अजून मिळालेला नाही. एका बंद गोदामाची किल्ली मागवली आहे, बुधवारी उघडणार.

आमच्या आसपासचे आणखी तीन वाडे मार्चपर्यंत रिकामे होणार आहेत. बिऱ्हाडं हलायच्या आधी प्रत्येक वाड्यात जाऊन कोणाकडे कुठलं मांजर, फोटो, नवा पत्ता, फोन अशी वही करायची. कचरा घेणाऱ्या ताई पहिल्या वाड्यात सोबत येतो म्हणाल्या आहेत. शनिवारी सकाळी, त्यांची फेरी संपल्यावर.